धर्ममाता कोण?

ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. हे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरात घडलंय. आणि त्याची सुरुवात गावच्या चर्चमध्ये झाली, रविवारी, भर सकाळी, चांगलं ऊन पडलेलं असताना.

ताईचं सासर म्हणजे लहानसं गाव. एक चर्च, एक फादर, आणि सगळ्यांना सगळ्यांचं सगळं माहीत.

घरात नवरा, सासू आणि नणंद. नणंदेला ताई 'वन्सं' म्हणायची. वन्सं भावापेक्षा लहान. लग्न होऊन गेल्या होत्या, पण त्यांची मुलं पोटातच गेली आणि नवऱ्याने त्यांना माहेरी आणून सोडलं ते कायमचं. स्वयंपाकघरामागच्या खोलीत त्यांची खाट आणि शिलाई मशीन. गावातल्या प्रत्येक बाळाचा बाप्तिस्म्याचा पांढरा झगा त्यांच्याच हातचा.

धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्याला बाळाला हातात घेऊन उभी राहणारी, मात्र त्यांना कुणी कधी केलं नाही. झगा चालायचा, हात चालायचे नाहीत.

ताईला दिवस गेले तेव्हा सगळं नाजूक होतं. पलंगावरून उठायची सोय नाही. तिची वेणी घालण्यापासून उलट्या काढण्यापर्यंत सगळं वन्संनी केलं. एकदा ताईच त्यांचा हात धरून म्हणाली, "वन्सं, माझ्या बाळाच्या धर्ममाता तुम्हीच."

मुलगा झाला. खणखणीत रडणारा.

आणि सासूने डोळे वटारले. "तिच्या हातात द्यायचं पोरगं? माझ्या पोटची आहे म्हणून सांगते, नको."

ताई घाबरली. पहिलंच मूल...

बाप्तिस्म्याच्या आदल्या आठवड्यात गावातल्या बायका चर्च झाडायला जमल्या होत्या. वन्सं बाक पुसत होत्या. एकीने थट्टा केली, "काय धर्ममाता, मिठाई कधी?" वन्सं चक्क लाजल्या.

ताई सगळ्यांदेखत म्हणाली, "त्या नाहीत. आमच्या चुलत जाऊबाई आहेत. त्यांना तीन मुलगे आहेत."

वन्संचं फडकं थांबलं. "वहिनी, तुम्हीच तर म्हणाला होतात..."

"म्हणाले होते. पण तुमच्या हातात मूल टिकत नाही ना, वन्सं."

कुणीतरी हसलं.

वन्संनी तो बाक शेवटपर्यंत पुसला. घरी आल्या. झग्याचं शेवटचं बटण लावलं, इस्त्री केली, घडी ताईच्या पलंगावर ठेवली.

बुधवारी सकाळी त्या उठल्याच नाहीत.

गुरुवारी त्यांना पुरलं. ताईला वाटलं, आता बाप्तिस्मा पुढे जाईल. सासू म्हणाली, "पाहुण्यांना बोलावणं गेलंय. रविवारीच उरकायचं."

"आणि झगा?"

"झग्याने काय घोडं मारलंय?"

रविवारी बाळाला तोच झगा घातला. पोरगं घरापासून जे रडत निघालं ते चर्चभर घुमत होतं. जाऊबाई नवी साडी नेसून त्याला घेऊन उभ्या राहिल्या. घरचे सगळे पुढे उभे, त्यामुळे मागचा पहिला बाक रिकामा होता.

फादरांनी विचारलं, "या बाळाची धर्ममाता कोण?"

जाऊबाईंनी तोंड उघडलं...

"मी."

आवाज जाऊबाईंचा नव्हता. मागून आला होता.

फादरांचे डोळे अधू. त्यांनी मान हलवली आणि बाळाच्या डोक्यावर पाणी सोडलं.

त्याच क्षणी पोरगं गप्प झालं.

त्याने मान वळवली. जाऊबाईंच्या खांद्यावरून त्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं...

आणि हसलं.

जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. ताईच्या कानाशी पुटपुटल्या, "अगं, हा हलका झालाय... कुणीतरी खालून धरल्यासारखा."

त्या दिवसापासून पोराने ताईचं दूध तोडलं.

जवळ घेतलं की तोंड फिरवायचं. रडणं नाही, हट्ट नाही. ताईची छाती दाटून दगड झाली, तापाने ती फणफणली. वरचं दूधही तो ओठाला लावेना. घाबरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर वजन करून म्हणाले, "उगाच काळजी करता. बाळ मस्त भरलंय. दूध भरपूर मिळतंय त्याला."

मिळतंय... पण कुणाचं?

एका दुपारी ताई दारातच थबकली. पाळणा स्थिर होता. घरात चिटपाखरू नव्हतं. आणि पाळण्यातून आवाज येत होता...

गुटुक... गुटुक... गुटुक...

ती धावली. बाळ एकटंच होतं. हनुवटीवरून दुधाचा ओघळ, अजून कोमट.

ताई फादरांकडे गेली. पाया पडली. "पुन्हा बाप्तिस्मा द्या. धर्ममाता बदला."

फादरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "बाप्तिस्मा एकदाच होतो, पोरी. मी विचारलं, तिने उत्तर दिलं."

"म्हणजे तुम्ही ओळखला होता आवाज?"

त्यांनी खिडकी लावून घेतली.

पोरगं वर्षाचं झालं, बोलायला लागलं. आधी आजीकडे बोट करून म्हणालं, "आई." आजी हरखली. मग बापाला म्हणालं, "दादा." सगळे हसले. पोरं काय, काहीही बोलतात.

मग एके दिवशी जेवताना त्याने ताईकडे बघितलं. नीट, ओळखीच्या नजरेने. आणि एकही अक्षर न अडखळता म्हणालं,

"वहिनी."

त्या घरात तिला तसं म्हणणारं माणूस एकच होतं.

सासूच्या हातातला घास तसाच राहिला. तिला नातवाने हाक मारली नव्हती, लेकीने मारली होती. ती उठून गेली, आणि त्यानंतर नातवासमोर कधी आली नाही.

ताईने त्याला रागावून पाहिलं, रडून पाहिलं, मांडीवर घेऊन शिकवलं, "आई म्हण रे राजा, आई." तो ऐकून घेतो. मग शांतपणे म्हणतो, "नाही, वहिनी." आणि मागच्या खोलीत झोपायला जातो. दार आतून लागतं. कडी त्याच्या डोक्याच्या कितीतरी वर आहे.

आता तो चार वर्षांचा आहे. ताई हल्ली त्या हाकेला ओ देते. निदान तेवढं तरी बोलतो, म्हणते.

मला आता सातवा महिना लागलाय. धर्ममाता कोण करणार, म्हणून सगळे विचारतात.

एकदा नाव घेतलं की ते मागे घेता येत नाही, म्हणून मी अजून कुणाचंही नाव घेतलेलं नाही. बंद खोलीतसुद्धा नाही.