काचेच्या बशांची पूजा

पहिल्याच दिवशी मालोजीनं माझं नाक दाबलं.

लग्नाच्या वयाची पोर मी, आणि परक्या पुरुषाचा हात!

"शिंकू नको," तो म्हणाला, "बशी उघडी हाय." मग स्वतःच लाजून लाल झाला.

साल सत्तावन्न. पिंपरीच्या औषध कारखान्यात मी काचेची भांडी धुवायला लागले होते. दिघीचा मालोजी तिथंच प्रयोगशाळेत. बटाट्याचं पाणी आणि चायना ग्रास काचेच्या बशीत खरवसासारखं घट्ट करायचं, वर अळंबीचा तीळभर गर ठेवायचा, की त्यातून पांढरे तंतू फुटायचे. निव्वळ अळंबीचेच हवेत, दुसरी बुरशी नको, असा मारुतराव साहेबांचा हुकूम. दसऱ्यापर्यंत जमलं नाही तर मालोजीची नोकरी जाणार होती. आणि हा बघत बसायचा माझ्याकडं.

"काय बघताय?"

"भांडी नीट धुतेस का, ते."

"भांडी हिकडं हायती."

खंडेनवमी आली. आमच्याकडं विळा-कोयत्याची पूजा करतात, मग ह्याच्या बशांची नको? बारा बशांची झाकणं उचलून मी आत हळदकुंकू वाहिलं, झेंडूची एकेक पाकळी ठेवली.

मालोजीनं बघितलं आणि पुटपुटला, "झाकणं उघडलीस? आता दुसरी बुरशी शिरणार." मागोमाग साहेब.

"कुणी केलं हे?"

"मी," मालोजी म्हणाला.



"आठवडा देतो. नाहीतर घरी बस," म्हणून साहेब गेले.

"माझं नाव का न्हाई सांगितलं?"

"तुला काढलं असतं तर... मी हितं राहून काय करू?"

मला रडूच फुटलं.

चार दिवसांत बशा हिरव्या-काळ्या पडल्या. एकीत मात्र पांढरे तंतू पाकळीपासून लांब, पार कडेला पळाले होते. तेवढंच टोक नव्या बशीत न्यायचं होतं. मालोजीनं दोनदा सुई जवळ नेली आणि दोनदा मागं घेतली. मी तोंडाला पदर बांधला, सुई दिव्यावर लाल केली, निवू दिली आणि मोहरीएवढा तुकडा उचलला.

तीन दिवसांनी नवी बशी... पांढरीशुभ्र.

साहेबांनी भिंगातून बघितलं. "शाब्बास मालोजी. नोकरी राहिली."

"साहेब, ही हिनं काढली."

"आणि पूजाबी मीच केली व्हती," मी बोलून गेले.

साहेबांनी आ वासला. आणि हा बाबा त्यांच्यासमोरच म्हणाला, "शकू, लगीन करशील माझ्याशी?"

भिंग खळकन फुटलं.

"माझ्या बाला विचारा," मी म्हटलं. "पर आजच विचारा. उद्या साहेबांनी मला काढलं, तर भेटायचं कुठं?"