पहिल्या पानावरचा उंदीर

एका यंत्रहाताला गणपतीची एक मूर्ती रंगवायला दोन तास लागतात. मग बारा यंत्रहातांना तीच मूर्ती रंगवायला किती वेळ लागेल?

दहा मिनिटं म्हणालात ना? मृण्मयीही तेच म्हणाली होती, आणि त्या उत्तरापायी एका गरीब मातीच्या उंदराची पार रया गेली.

त्याचं झालं असं. सन २०५८. मृण्मयी अकरा वर्षांची. पेणमध्ये तिच्या आईचा शाडूच्या मूर्तींचा कारखाना होता आणि त्यात वर्षभरापूर्वी बारा यंत्रहात येऊन बसले होते. हात मोठे गुणी, पण स्वतःची अक्कल शून्य. त्यांना आज्ञा द्यायची ती संगणकातून. त्या आज्ञांसाठी मृण्मयीच्या आजोबांनी, म्हणजे अप्पांनी, ‘सांगाती’ नावाची लायब्ररी (पुन्हा पुन्हा लागणाऱ्या आज्ञांचा तयार संच) लिहिली होती. पुष्कळ कामं एकाच वेळी शेजारी शेजारी चालवायची, याला अप्पा समांतर काम म्हणायचे. सांगाती तेच करायची.

सांगातीसोबत अप्पांनी एक मार्गदर्शिकाही लिहिली होती. तीनशे बारा पानांची! अप्पा तिला तळहातावरच्या फोडासारखं जपायचे.

आता हे हात काही आईच्या मालकीचे नव्हते. मूर्तिकारांच्या संघाने ते वर्षभर वापरून बघायला दिले होते. येत्या शनिवारी दुसऱ्या कारखान्यातलं एक नवखं मूल येऊन फक्त मार्गदर्शिका वाचून बाराही हात एकदम चालवणार होतं. तासाभरात जमलं, तर सांगाती आणि हात सगळ्या कारखान्यांना मिळणार. नाही जमलं, तर हात परत जाणार आणि अप्पांची सात वर्षांची मेहनत कपाटात पडणार. अप्पा मात्र निर्धास्त होते. “सगळं लिहिलंय त्यात,” एवढंच म्हणायचे.

सगळं लिहिलं होतं हे खरं. पण मृण्मयी तीनदा वाचायला बसली आणि तिन्ही वेळा नवव्या पानावर तिला झोप लागली. अप्पांना वाईट वाटेल म्हणून हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

रविवारी सकाळी तिने ठरवलं, पुस्तक राहू दे बाजूला, आपण करूनच बघू. तिने मातीचा एक उंदीर घेतला आणि हातांना तीन कामं दिली: पांढरा थर द्या, अंगाचा राखाडी रंग द्या, पाठीवर पिवळी झूल रंगवा. मग तिने ‘सुरू’ म्हटलं. हात बिचारे आज्ञाधारक. तिन्ही कामं त्यांनी एकदमच सुरू केली. ओल्या पांढऱ्यावर ओला राखाडी, त्यावर ओला पिवळा, आणि मधूनमधून हातांची एकमेकांशी टक्कर. दोन मिनिटांत उंदीर श्रीखंडात पडल्यासारखा दिसायला लागला.

अप्पा आवाज ऐकून आले. उंदराकडे बघून आधी पोट धरून हसले आणि मग खुर्ची ओढून समजावायला बसले. मूर्तीच्या दोन तासांपैकी एक तास तर नुसता रंग वाळण्यात जातो, ते म्हणाले. तो वेळ बारा हातांत वाटून घेता येत नाही. बारा जण भोवती उभे राहिले म्हणून काही रंग लवकर वाळत नाही. म्हणजे एका मूर्तीवर बारा हात लावून फायदा थोडाच. पण बारा मूर्तींवर बारा हात लावले, तर त्याच दोन तासांत बारा मूर्ती तयार! कारण एका मूर्तीचं काम दुसरीसाठी अडत नाही. एकाच मूर्तीचे थर मात्र एकमेकांवर अवलंबून असतात. याला अवलंबन (आधीचं काम संपल्याशिवाय पुढचं सुरू न करता येणं) म्हणतात, आणि हातांना तसं स्पष्ट सांगावं लागतं. त्यासाठी सांगातीत आज्ञा आहे, ‘यानंतर’. पांढऱ्यानंतर वाळणं, वाळण्यानंतर राखाडी. बस्स.

मृण्मयीला सगळं लख्ख कळलं. इतकं सोपं होतं? मग पुस्तकात कुठे होतं हे?

“पान एकशे सत्त्याऐंशी,” अप्पा म्हणाले.

मृण्मयीच्या तोंडून निघून गेलं, “अप्पा, तिथवर कोण पोचणार? मी नवव्या पानाच्या पुढे कधी गेलेच नाही.”

अप्पांचा चेहरा उतरला. ते उठून आपल्या खोलीत गेले. दुपारी जेवायलाही नीट बसले नाहीत, आणि मृण्मयीला आपली जीभ चावावीशी वाटली.

ती कारखान्यात जाऊन एका कोपऱ्यात बसून राहिली. त्या दिवशी आईकडे कामाला एक नवी मुलगी आली होती. आईने तिच्या हातात मातीचा उंदीर ठेवला, एक ब्रश दिला आणि एकच रंग दिला. या कारखान्याची ती रीतच होती. नवख्याला आधी उंदीर. उंदीर जमला की पाट, मग पीतांबर, मग दागिने. आणि गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी, काही वर्षांनी. पहिल्याच दिवशी डोळे रेखायला दिले, तर माणूस दुसऱ्या दिवशी येणारच नाही, असं आई म्हणायची.

मृण्मयी ताडकन उठली आणि अप्पांच्या खोलीत गेली. मार्गदर्शिकेचं पहिलं प्रकरण होतं ‘कुलूप’. दोन हातांनी एकच रंगाची वाटी एकदम मागितली, तर एकाला ती मिळावी आणि दुसऱ्याने भांडण न करता थांबावं, याची ती युक्ती. ती सापडायला अप्पांना तीन वर्षं लागली होती आणि त्यांना तिचा फार अभिमान होता. म्हणूनच त्यांनी ती सगळ्यांत पुढे मांडली होती.

“अप्पा,” ती हळूच म्हणाली, “तुम्ही पहिल्याच पानावर डोळे रेखायला दिलेत. उंदीर कुठे आहे?”

अप्पांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. लहानपणी याच कारखान्यात त्यांनी स्वतः दोन वर्षं उंदीरच रंगवले होते. मग त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “कात्री आण.”

पुढचे पाच दिवस दोघांनी पानं कापली, जमिनीवर पसरली, पुन्हा लावली. पहिल्या पानावर आलं: एक हात, एक उंदीर, एक रंग. चार ओळींच्या आज्ञा, तशाच्या तशा लिहा आणि काय होतं ते बघा. दुसऱ्या पानावर दोन उंदीर, दोन हात. तिसऱ्यावर ‘यानंतर’. एका पानावर एकच नवी गोष्ट. सगळ्या आज्ञांची यादी मागे गेली, कारण ती हवं ते शोधायला असते, सलग वाचायला नव्हे. ‘कुलूप’ शेवटच्या प्रकरणात गेलं. ते पान उचलताना अप्पांचा हात जरा रेंगाळला. मृण्मयीने ते पाहिलं आणि पुढचं पान त्यांच्या हातात दिलं.

शनिवारी हमरापूरच्या एका कारखान्यातून समिधा पाटील नावाची बारा वर्षांची मुलगी आली. अप्पांनी आणि मृण्मयीने अवाक्षर काढायचं नाही, अशी अट होती. पहिलं पान तर समिधाने चुटकीसरशी केलं. उंदीर राखाडी झाला तशी ती खुदकन हसली. तिसऱ्या पानावर मात्र गाडी अडली. वाळण्याचं काम ‘यानंतर’च्या आधी लिहायचं की पुढे, ते तिला कळेना. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. अप्पा खुर्चीत चुळबुळ करायला लागले. मृण्मयीने ओठ घट्ट मिटले आणि वहीत लिहिलं: पान तीन, वाक्य दुसरं, इथे अडली.

समिधाने एक पान मागे उलटलं, पुन्हा वाचलं आणि एक ओळ खोडून नव्याने लिहिली. बाराही हात हलले. बारा उंदीर पांढरे झाले. मग हात थांबले, शांतपणे, रंग वाळेपर्यंत. आणि मग बाराही उंदीर एकदम राखाडी व्हायला लागले. घड्याळात सत्तावन्न मिनिटं झाली होती. संघाचे अध्यक्ष मान डोलावून सही करायला टेबलाकडे वळले.

मृण्मयीला नाचावंसं वाटत होतं. पण समिधा काही उठायला तयार नव्हती. ती सोनेरी रंगाच्या एकुलत्या एका वाटीकडे टक लावून बघत होती.

“आजोबा, दागिन्यांना सोनेरी लागणार. वाटी तर एकच आहे. दोन हातांनी एकदम मागितली तर काय होईल?”

अप्पा खुर्चीत पुढे सरकले. ‘कुलूप’ पहिल्या पानावर होतं, तेव्हा हा प्रश्न त्यांना एकाही वाचणाऱ्याने कधी विचारला नव्हता.

“शेवटचं प्रकरण, बाळ,” ते म्हणाले. “वाच. सावकाश वाच.”

समिधा हनुवटीखाली दोन्ही हात घेऊन वाचायला लागली. पहिलं पान झालं, दुसरं झालं, आणि तिला झोप काही आली नाही. अप्पांनी डोळे टिपले आणि मृण्मयीपुढे हात केला.

“ती वही दे इकडे. पान तीन, वाक्य दुसरं ना? आजच सुधारू. सोमवारपासून बाकीच्या कारखान्यांची मुलं यायला लागतील.”