विनी विसरली होती का?

त्या दिवशी गॉर्डन झोपेतून उठला नाही, झोपेतच पलंगावरून खाली पडला. त्याच्यामागून घड्याळ आलं, मग किटली, मग फडताळातल्या बशा. बोट एका अंगावर कलली होती आणि खिडकीबाहेर पाण्याच्या जागी चिखल दिसत होता.

भिंतीला धरत धरत तो कसाबसा काठावर आला. बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दारबंद हौदांना लॉक म्हणतात; ऑल्डरविक गावातल्या अशा दोन लॉकमधला अख्खा कालवा रात्रीतून रिकामा झाला होता. मधोमध पाण्याचा एक ओघळ, त्यात गंजलेली सायकल आणि सुपरमार्केटची ढकलगाडी. काठावरच्या खुंट्यांना ताठ बांधलेल्या बोटी आपापल्या दोरांना लटकून तिरक्या झाल्या होत्या. पोरसवदा डॅरेनच्या बोटीत तर कललेल्या बाजूने पाणी शिरलं होतं, आणि तो सुजलेलं मनगट धरून गवतावर बसला होता.

सगळ्यांच्या आधी मदतीला धावला तो सिरिल. गॉर्डनचे दोर त्यानेच सैल केले, डॅरेनला घोंगडी आणून दिली, म्हाताऱ्या विनीला हात धरून बाहेर काढलं. सिरिल होताच तसा. स्वतः सत्तरीला आलेला, पण कुणाच्या कोळशाच्या गोण्या वाहायच्या असोत की कुणाची संडासाची पेटी रिकामी करायची असो, हा गडी पुढे.

पाणी कुठे गेलं ते लगेच सापडलं. खालच्या लॉकमध्ये कालव्याचं पाणी घेणारी वरच्या अंगाची झडप सताड उघडी होती. त्या लॉकची खालची दारं चाळणीसारखी गळतात हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. वरची झडप बंद असली तरच पाणी थांबतं. आणि आदल्या संध्याकाळी त्या लॉकमधून शेवटची बोट वर आणली होती ती विनीने, एकटीने.

"चौऱ्याहत्तर वर्षांची बाई," डॅरेन सगळ्यांसमोर म्हणाला. "झडप लावायची विसरली. दुसरं काय असणार?"

विनी नुसती लॉककडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी कालव्याच्या ऑफिसने वरून पाणी सोडलं, बोटी पुन्हा तरंगल्या. पण दोन्ही लॉकना साखळ्या घातल्या आणि नवी दारं बसेपर्यंत कुणी हलायचं नाही असा हुकूम निघाला. गॉर्डनला खरं तर बरंच वाटलं. स्वतःचा धक्का नसलेल्या बोटवाल्याने दर दोन आठवड्यांनी मुक्काम हलवायचा, हा नियम. पावसात, बर्फात, तापात, कसंही. उन्हाळ्यात पुलावर उभे राहून फोटो काढणाऱ्यांना वाटतं, काय मजेत राहतात ही माणसं. नोव्हेंबरात ओल्या गाद्या उन्हाला टाकायला ऊनच नसतं, हे त्यांना कोण सांगणार? घटस्फोटानंतर गॉर्डनला परवडलं ते एवढंच घर होतं, आणि आता तो त्यालाही कंटाळला होता.

दिवसा तो हेस्टरकडे काम करायचा. हेस्टर गावातली खाजगी गुप्तहेर. साठीची, दुखऱ्या गुडघ्याची. तिची गाडी चालवणं, लोकांवर पाळत ठेवणं आणि चुकीचे अंदाज बांधणं ही गॉर्डनची कामं. निदान ती तरी असंच म्हणायची.

विनीला तिच्याकडे त्यानेच नेलं.

"ऑफिसचा माणूस येऊन गेला," विनी ताठ बसून म्हणाली. "चौकशी होणार. परवाना गेला की बोट गेली. मुलगा म्हणतो, वृद्धाश्रमात चल, आता तुला आठवत नाही काही. पण मी बोटीसाठी आले नाहीये."

"मग?"

"मी विसरले की नाही, ते मला कळायला हवं. झडप खाली करायची आणि मग तळहाताने दाबून बघायची, अशी माझी सवय आहे. मी दाबल्याचं मला आठवतंय. पण वीस वर्षं रोज तेच करतेय. मला आठवतेय ती संध्याकाळ नेमकी कुठली, कसं सांगू? विसरले असेन तर तसं तोंडावर सांगा. आडपडदा नको."

"सांगेन," हेस्टर म्हणाली.

विनीला सोडायला दोघं कालव्यावर आली तेव्हा तिने चहा केला. तो जॅमच्या बरणीत आला. "कप सगळे फुटले," ती म्हणाली. "आईचे होते." तिची बोटही दोरांना लटकली होती.

डॅरेनने चहा सूपच्या वाडग्यात दिला, आणि तोही कुरकुरत.

"माझा काय संबंध? माझंच घर बुडालं," तो म्हणाला. मनगटाला प्लॅस्टर होतं आणि बोटीभर ओल्या गालिच्याचा वास.

"विनीशी तुमचं भांडण होतं म्हणे."

"जनरेटरवरून. ती दुपारी झोपते आणि मी तेव्हाच चालवतो. म्हणून काय मी माझी बोट उलटी करून घेईन?"

"दोर ताठ बांधले होते?"

"ताठ म्हणजे ताठच. एखादी बोट जोरात गेली की हिसके बसतात ना. सगळेच ताठ बांधतात."

"हे बरोबर आहे, बाई," गॉर्डन म्हणाला. हेस्टरने नुसती मान हलवली.

पलीकडच्या काठावर पेटिफर साहेबांचा बंगला होता. बोटींच्या धुराबद्दल ते दर महिन्याला ऑफिसात तक्रार करत. गॉर्डनच्या मते हे काम त्यांचंच होतं. पेटिफरनी दोघांना फाटकातच उभं केलं, चहाचं नावही काढलं नाही.

"मी? पाणी सोडलं?" त्यांचा आवाज चढला. "त्याच दिवशी घर बघायला गिऱ्हाईक यायचं होतं. पाण्याकाठचं घर म्हणून सांगितलं होतं मी त्यांना. आले, चिखलाचा वास घेतला, गेले. या लोकांमुळे मला घरही विकता येत नाही."

परतताना गॉर्डन हिरमुसला. "मला वाटलं होतं तोच असेल."

"तुला तो आवडत नाही, एवढंच ते आहे," हेस्टर गुडघा चोळत म्हणाली. "आता तुझा तो परोपकारी मित्र."

सिरिलने दोघांना शेगडीजवळ बसवलं. त्याची बायको पॉली पांघरूण घेऊन कोपऱ्यात बसली होती. शेगडी लाल झालेली, तरी तिने लोकरीची टोपी कानांवर ओढली होती. हाताच्या मागच्या बाजूला चिकटपट्टीने कापसाचा बोळा लावला होता. चहा आला तो गुलाबाच्या फुलांच्या नाजूक कपबशीत, बाजूला आल्याची बिस्किटं. तीन दिवस पत्र्याच्या मगातून चहा पिऊन कंटाळलेल्या गॉर्डनला फार बरं वाटलं.

"काय सुरेख कप आहेत," हेस्टर म्हणाली.

"लग्नातले," पॉली म्हणाली. "त्या फळीवरच असतात. सिरिल म्हणतो कपाटात ठेव, मी ऐकत नाही." तिने एक बिस्कीट तोडलं, हातात धरलं आणि तसंच परत ठेवलं. थोड्या वेळाने ती आतल्या खोलीत पडायला गेली.

"बरं नाही का त्यांना?"

"सर्दी," सिरिल म्हणाला. "बहिणीकडे जाते ना आठवड्यातून दोनदा. पुलावर टॅक्सी येते. दगदग होते."

"तुमची बोट काही कलली नाही."

"नशीब आमचं. सरकत मधोमध गेली आणि सरळ बसली. काठावर यायला लांब फळी टाकावी लागली, एवढंच."

"विनीला झडप लावताना पाहिलं होतं का कुणी?"

"अंधार पडला होता. मी आत होतो." सिरिलने शेगडीत कोळसा सारला. शेगडी आधीच भरलेली होती.

"तुमचा इथला मुक्काम कधी संपत होता?"

"त्याच सकाळी निघायचं होतं. आता काय, दारं बसेपर्यंत अडकलो."

"गैरसोय झाली म्हणायची."

"हो. म्हणजे, चालायचंच."

बाहेर पडल्यावर हेस्टर पायवाटेवर थांबली. "गॉर्डन, तू यापुढचा मुक्काम कुठे करतोस?"

"वरच्या अंगाला, गावाबाहेर. तिथून ना बस, ना रस्ता. चिखलातून मैलभर चालावं लागतं. का?"

"उद्या सकाळी पुन्हा इथे यायचंय," ती म्हणाली. ती दमलेली दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सिरिलने दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"हळूच बोलणार आहे," हेस्टर म्हणाली. तिघं शेगडीभोवती बसली.

"विनी झडप विसरली असेल, तर तो अपघात," तिने सुरुवात केली. "आणि अपघात होणार हे आधीपासून कुणालाच माहीत नसतं. डॅरेनला नव्हतं, त्याचे दोर ताठ होते. गॉर्डनला नव्हतं, तो पलंगावरून पडला. विनीला नव्हतं, तिच्या आईचे कप फुटले. पेटिफरना कालवा भरलेलाच हवा होता. तुमची बोट मात्र आपसूक मधोमध सरकली. ताठ बांधलेली बोट सरकत नाही, सिरिल. काठाला लटकते. तुमचे दोर सैल होते."

"मी सकाळी उठून सैल केले. माझी बोट कलायला लागली, तेव्हा जाग आली."

"मग हे कप कसे वाचले? लटकलेल्या बोटीचे दोर सोडले की ती धप्पकन खाली आपटते. आणि त्याआधी ती कलते. उघड्या फळीवरची एक बशीही शाबूत राहिली नसती. तुमची बोट पाण्याबरोबर हळूहळू, सरळ खाली उतरली. दोर पाणी ओसरायच्या आधी सैल केले होते. म्हणजे पाणी ओसरणार हे कुणाला तरी माहीत होतं."

गॉर्डनने फळीवरच्या कपांकडे पाहिलं. काल तो यातल्याच एका कपातून चहा प्यायला होता आणि सुखावण्यापलीकडे त्याच्या डोक्यात काही शिरलं नव्हतं. आणि आताही ते शिरावं असं त्याला वाटत नव्हतं.

"पण का, बाई?" तो म्हणाला. "सिरिलला काय मिळालं त्यातून?"

"मुक्काम मिळाला. त्या सकाळी त्यांना इथून हलायचं होतं, जिथे टॅक्सी पोचत नाही अशा ठिकाणी. पॉली बहिणीकडे जात नाही. शेगडीशेजारी डोक्यावरून टोपी निघत नाही, बिस्कीट घशाखाली उतरत नाही, हातावर सुईची जागा. ती आठवड्यातून दोनदा इस्पितळात जाते. कालवा बंद झाला की कुणालाच हलता येत नाही. सिरिलला तेवढंच हवं होतं."

सिरिलने मान खाली घातली.

"अजून महिनाभर औषध चालायचंय," तो म्हणाला. "त्या चिखलातून मी तिला कशी नेणार होतो? उचलून? वाटलं, थोडं पाणी उतरेल, ऑफिस लॉक बंद करेल. इतकं उतरेल असं वाटलं नव्हतं. डॅरेनचा हात मोडेल असं वाटलं नव्हतं."

"डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली असती तर मुक्काम वाढवून मिळाला असता."

"चिठ्ठी म्हणजे गावभर बोभाटा. कुणाला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातलीय तिने."

"शेजाऱ्यांना सांगू नको म्हटलं होतं मी," आतून आवाज आला. "कालवा रिकामा कर असं नव्हतं म्हटलं."

पॉली दारात उभी होती. अंगात जाड कोट होता, पायात बूट, आणि डोक्यावर टोपी नव्हती. डोक्यावर केसही नव्हते.

"तू झोपली होतीस," सिरिल म्हणाला.

"त्या रात्रीही नव्हते झोपले. औषधाने झोप लागते कुठे? तू बाहेर गेलास, दोर सोडलेस, मग लॉककडे गेलास, सगळं ऐकलं मी. मला धक्का बसू नये म्हणून दोर सोडलेस, हेही कळलं. तेव्हापासून वाट बघतेय, आज जाईल विनीकडे, उद्या जाईल." तिला धाप लागली. "आता मीच चाललेय. हात दे. मला एकटीला काठावर उतरता येणार नाही."

पायवाटेवर ती चार ठिकाणी थांबली. डॅरेन आपल्या बोटीतून बघत होता. त्याने तोंड उघडलं, पॉलीकडे पाहिलं आणि मिटलं. गॉर्डन मागून चालत होता. सिरिलवर रागवावं की त्याच्या पाठीवर हात ठेवावा हे त्याला ठरवता येत नव्हतं.

विनीने दार उघडलं.

"मी केलं ते, विनी," सिरिल म्हणाला. "तू झडप लावली होतीस. मी बघत होतो. तू दाबून बघितलीस, दोन पावलं गेलीस आणि परत येऊन पुन्हा दाबलीस. मग तू आत गेल्यावर मी उघडली."

विनीने चौकट धरली. "म्हणजे मी विसरले नव्हते."

"नाही."

"तू मला बोटीतून हात धरून बाहेर काढलंस. चहा आणून दिलास. म्हणालास, विनी, वयात होतं असं."

"हो."

"मी रात्रभर भिंतीला टेकून माझ्या मुलांचे वाढदिवस आठवत बसायची, सिरिल. एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. वेड लागायची पाळी आली होती मला." तिचे डोळे भरले आणि तिने ते पुसले नाहीत. "तुला विचारायचं होतंस. मी चालवली असती तुझ्या बायकोसाठी गाडी. मला येते गाडी चालवता."

विनीने सिरिलच्या खांद्यावरून पॉलीकडे पाहिलं. थंडीने तिचं उघडं डोकं लाल झालं होतं.

"तू आत ये," विनी तिला म्हणाली. "शेगडीजवळ बस." मग ती सिरिलकडे वळली. "तू नाही. तू पुलावर जा, तिथे फोन लागतो. ऑफिसला सांग, जसं मला सांगितलंस तसं. मी इथून बघतेय."

सिरिल गेला. विनी खिडकीशी उभी राहिली, हात पॉलीच्या खांद्यावर. पुलावर पोचल्यावर त्याने एकदा मागे वळून पाहिलं. विनी हलली नाही. त्याने फोन कानाला लावला, तोपर्यंत ती तशीच उभी होती.