तिसरं कुलूप

इस्पितळाचा ट्रान्सफॉर्मर जळाला, तेव्हा मागच्या आवारात भाड्याचे दोन जनरेटर आणून उभे केले आणि ते जोडायला फोरमनला बोलावणं आलं. काम नेहमीचंच. दुपारची वेळ होती, आभाळ दाटून आलं होतं. डबा हातात देताना बायको एवढंच म्हणाली, "आज बाळ्याला जाऊन सहा वर्षं झाली हो."

फोरमन खाली वाकून बुटाची नाडी बांधत राहिला. नाडी आधीच बांधलेली होती.

बाळ्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. फोरमनच्याच हाताखाली वायरमन होता आणि कामावरच शॉक लागून गेला. चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं, 'मयताने स्विचला स्वतःचे कुलूप लावले नव्हते.' खाली सही फोरमनची.

या धंद्यातला नियम साधा आहे. ज्याचा हात तारांत, त्याचं कुलूप स्विचवर आणि किल्ली त्याच्याच खिशात. जितकी माणसं तितकी कुलपं. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी बोटही लावायचं नाही. बाळ्या गेल्यापासून फोरमन या नियमाला असा चिकटला, की लोक त्याला कुलूपकाका म्हणू लागले. मेव्हणा गेला आणि माणूस शहाणा झाला, असं कौतुकाने बोलत. ते कौतुक त्याच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

बाळ्याची किल्ली मात्र घरी आली होती, शवागारातून, शर्टाच्या खिशातच राहिलेली. बायकोने ती आपल्या जुडग्यात ओवली. "कुलूपच लावलं नव्हतं, तर ते गेलं कुठे?" असं तिने एकदा विचारलं होतं. तो म्हणाला होता, "विसरभोळा होता तो." तिने पुन्हा विचारलं नाही. तिची आणि बाळ्याची आई मात्र मुलाच्या निष्काळजीपणाला बोल लावत लावतच गेली.

आवारात जनरेटरवाला वाट बघत होता. बोलघेवडा माणूस.

"काका, तुम्ही जेवणाच्या डब्यालाही कुलूप लावता म्हणे?"

"तू शेजारी बसलास की लावतो."

हसतखेळत दोघांनी तारा जोडल्या. अर्थिंग एकाच ठिकाणी आहे ना, तिन्ही फेजचा क्रम जुळतो ना, वीज उलटी बाहेरच्या लाइनवर जाणार नाही ना, सगळं तपासून फोरमनने फॉर्मवर एकेक खूण केली. मग दोन्ही जनरेटर सुरू केले.

दोन जनरेटर एकत्र जोडायचे तर दोघांची लय जुळावी लागते. ती कळावी म्हणून मध्ये तीन दिवे टांगतात. लय जुळत आली, की तिन्ही दिवे श्वास घेतल्यासारखे हळूहळू उजळतात, हळूहळू मंद होतात. पूर्ण विझले, की समजायचं, अलीकडचं आणि पलीकडचं एक झालं. तेवढ्यात स्विच दाबायचा.

दिवे उजळायला लागले. कुलपं काढायची वेळ झाली. जनरेटरवाल्याने आपलं काढलं. फोरमनने आपलं काढलं.

स्विचवर तिसरं कुलूप उरलं.

पितळी होतं. पाऊस नव्हता, तरी ओलं होतं, आणि त्याला विहिरीतल्या साचलेल्या पाण्याचा कुबट वास येत होता. कडीवर एक बारीक रेघ होती, मोडलेलं हाड पुन्हा जुळून यावं तशी. खाली पत्र्याची पट्टी लटकत होती. इतरांच्या पट्टीवर छापलेलं असतं, 'काम चालू आहे'. या पट्टीवर रंगाने, हाताने लिहिलं होतं, 'हात आत आहे.'

असं लिहिणारा एकच माणूस त्याला माहीत होता. कुलूप लावण्याआधी त्यावर फुंकर मारायची सवय असलेला.

"हे... कुणाचं?"

"तुमचंच ना, काका? मी आलो तेव्हा होतंच की. तुम्हीच आधी येऊन लावून गेलात, असं वाटलं मला."

फोरमनने पॅनेलचं मागचं दार उघडून बॅटरी मारली. आत कुणी नव्हतं. फक्त त्या काळोखातून त्याच्या मनगटावर हलकीशी फुंकर आली.

इतक्यात इस्पितळाचे व्यवस्थापक धावत आले. "अहो, वर टेबलावर बाई आहे, ऑपरेशन अर्ध्यात आहे! बॅटरीवर जेमतेम अर्धा तास निघेल. कापा ते कुलूप!"

जनरेटरवाल्याने कटर पुढे केला. फोरमनच्या हाताने तो आपसूक घेतला.

सहा वर्षांपूर्वीही असंच कुणीतरी ओरडलं होतं. शीतगृहाचा मालक. माल सडतोय, कापा! बाळ्या जेवायला गेला असेल, असं फोरमनला वाटलं होतं. हाक मारून बघायचं, तेवढंही त्याने केलं नाही. कुलूप कापलं, स्विच दाबला. आणि मग गर्दी जमायच्या आत ते कुलूप शीतगृहामागच्या पडक्या विहिरीत टाकलं. त्याचा आवाज अजून त्याच्या कानात होता.

त्याने कटर खाली ठेवला. "ज्याचं आहे, त्याच्याच किल्लीने उघडेल."

घर दोन गल्ल्या सोडून होतं. त्याने फोन लावला. "बाळ्याची किल्ली घेऊन ये. लगेच."

"कशाला?"

"कुलूप... सापडलंय."

ती धापा टाकत आली, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात त्याची. पट्टी वाचली. किल्ली लावली. कुलूप कालच तेल दिल्यासारखं उघडलं.

"म्हणजे लावलं होतं त्याने."

"हो."

"मग काढलं कुणी?"

जनरेटर गरजत होते, तरी तिचा शब्द न् शब्द ऐकू आला. तो जमिनीवरच्या कटरकडे बघत राहिला. मग तीही तिकडे बघू लागली.

"आई त्याला शिव्या देत गेली हो," ती हळूच म्हणाली. कुलूप पदरात गुंडाळलं आणि निघून गेली.

दिवे उजळले, मंदावले, विझले. त्याने स्विच दाबला. वर खिडक्यांमधून उजेड आला. व्यवस्थापकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "असा नियमाचा माणूस पाहिजे, काका!"

सगळं आवरून संध्याकाळी तो घरी आला. दाराला तेच पितळी कुलूप होतं. पट्टी वाऱ्याशिवाय हलत होती. हात आत आहे.

शेजारीण जिन्यातून म्हणाली, "वहिनी दुपारीच पिशवी भरून गेल्या, दार सताड उघडं टाकून. मी हाक मारली, तर वळूनही बघितलं नाही हो."

"मग कुलूप...?"

ती झटकन आत गेली आणि दार लावून घेतलं.

दाराशेजारच्या खिडकीत उजेड हळूहळू वाढत होता. हळूहळू मंद होत होता. त्याच्या पिशवीत त्याचा स्वतःचा कटर होता. तो काढायची त्याची हिंमत झाली नाही. "बाळ्या..." असं म्हणून त्याने दाराची लोखंडी कडी धरली. सहा वर्षांत पहिल्यांदा त्याने ती हाक मारली होती.

खिडकीतला उजेड मंदावत मंदावत पूर्ण विझला. या वेळी तो पुन्हा वाढला नाही.

आतून, कुणीतरी स्विच दाबावा, तसा बारीकसा आवाज आला. आणि कडीवरून त्याचा हात सुटेना.