मोकळा कोपरा

कुणीतरी मला थांबवायला हवं होतं. भर दुपारी हातोडीचे ठोके अधारतालच्या आमच्या सगळ्या गल्लीनं ऐकले. एकही दार उघडलं नाही.

काम साधंच होतं. ऊन अडवायला छताच्या पत्र्याखाली चंदेरी शीट लावून घेतली होती. आईच्या खाटेवरचा शीटचा एक कोपरा मोकळा राहिला होता. मे महिन्याच्या गरम वाऱ्याची लू सुटली की तो पत्र्यावर आपटायचा. फट्... फट्... आईची फुप्फुसं आधीच थकलेली. झोप लागली तर सावरतील, असं डॉक्टर म्हणाले होते. तीन दिवस तिचा डोळा लागला नव्हता.

"अनुपम, ते बंद कर रे... मला झोपू दे."

मी शीट लावणाऱ्या विष्णूला फोन केला. "कोपरा काहून सोडला, भैया?"

"दादा, खाटेवर आजारी माणूस असलं की त्याच्या डोक्यावरचा कोपरा आम्ही ठोकत नाही. बापापासूनची रीत आहे. जायला वाट लागते न..."

"अच्छा? मग 'निकास'ची पाटीही लावायची होती!"

फोन कापला. असल्या रीतींशी कॉलेजभर भांडलो होतो मी. आणि माझी आई कुठेही जाणार नव्हती.

शिडी लावली. कोपऱ्यावर लाकडी पट्टी धरून सात खिळे ठोकले. आवाज थांबला.

"हां... आता बरं," आई पुटपुटली आणि तिनं डोळे मिटले.

खोलीत तापलेल्या प्लास्टिकचा आणि निलगिरीच्या तेलाचा वास कोंडला होता. मी खूश होतो. मग लक्षात आलं, तिची घरघरही ऐकू येत नाही. छाती हलत नव्हती. हाका मारल्या, खांदे हलवले... काही नाही.

वर पाहिलं. पट्टीमागे शीट तळहाताएवढी फुगली होती. खाली बसली. पुन्हा फुगली.

मी पट्टी ओरबाडून काढली. वारा आत शिरला. फट्... आईची छाती उचलली गेली. फट्... पुन्हा. तिचे डोळे उघडले. मी रडलो, हसलो.

दिवेलागणीला वारा पडला. कोपरा लोंबकळला आणि आई निपचित झाली.

मी शिडीवर चढून तो हातानं हलवू लागलो. दर झटक्याला तिच्या तोंडून एकेक अक्षर निघत होतं.

"झो... पू... दे..."

मी थांबलो नाही. हात सुन्न झाले, तरी नाही.

शेजारच्या नंदाकाकू खिचडीचा डबा घेऊन आल्या. त्यांनी आईचा हात हातात घेतला आणि वर माझ्याकडे पाहिलं.

"थांब रे बाबा... लाकूड झालंय हिचं अंग. पण तू हलवलं की माझं बोट आवळून राहिली ही..."