बंद खोक्यातले ठोके

तसं काम साधंच होतं. एका घरी जायचं आणि हॉस्पिटलचं यंत्र परत आणायचं. खरं तर हे माझं कामच नव्हे. हृदयविकाराच्या हॉस्पिटलात मी रुग्णांची माहिती सांभाळते. कोणाच्या रक्तात काय निघालं, कोणाच्या जनुकांत कोणता दोष आहे, हे ज्याचं त्यालाच कळावं, मध्येच कोणी चोरू नये, एवढं बघायचं. दिवसभर पडद्यासमोर बसायचं. पण त्या दुपारी मी स्वतःच निघाले, कारण त्या यंत्राबद्दल फार कोणाशी बोलावंसं वाटत नव्हतं.

यंत्र पोहण्याच्या सरांचं. अर्ध्या गावाला त्यांनी पाण्यात ढकलून पोहायला शिकवलेलं. आवाज असा, की तलावाच्या या काठावरून ओरडले तर त्या काठावरचा पाय मारायला लागायचा. त्यांच्या हृदयाचा ठोका मधूनच चुकायचा. दोष वडिलांकडून आलेला. म्हणून छातीला बांधायचा एक पट्टा आणि उशाशी ठेवायचं एक खोकं आम्ही त्यांना दिलं होतं. पट्टा ठोके टिपायचा, खोकं ते आमच्याकडे पाठवायचं. प्रत्येक खोक्याला स्वतःची आकड्यांची गुप्त किल्ली असते. ती जुळल्याशिवाय आमची यंत्रणा काहीच आत घेत नाही.

जनुकांचा अहवाल आला तेव्हा सर माझ्या टेबलापाशी येऊन बसले. मला ते 'कुलूपवाली' म्हणायचे.

"कुलूपवाली, यातलं अर्धं माझ्या पोरीतही उतरलेलं असणार. तिनं स्वतः विचारलं तरच उघडायचं. तोवर तिच्या नोकरीवाल्यांना नाही, विमावाल्यांना नाही, कोणालाच नाही."

मी शब्द दिला. पुढे सर गेले, झोपेतच.

आणि त्यांच्या खोक्यातून ठोके येतच राहिले.

खरं सांगते, भुताखेताचा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. मला वाटलं, किल्ली चोरीला गेली. सरांच्या खोक्याचं सोंग घेऊन कोणीतरी आत शिरू बघतंय, आणि एकदा शिरला की तो अहवाल हाताशीच. मी ठोके येण्याची ती वाट बाकी यंत्रणेपासून तोडली आणि एका वेगळ्या संगणकावर नेऊन कोंडली. मग हे येतंय कुठून ते शोधत बसले. आलेल्या प्रत्येक संदेशाला पत्ता असतो, निदान खोटा तरी. इथे पत्त्याची जागा कोरी होती. असं कधी होत नाही.

दार सरांच्या मुलीनं उघडलं. नवरा कामावर गेलेला, घरात ती एकटीच. सरांच्या खोलीत खिडकीतून ऊन आलं होतं आणि तलावाच्या पाण्याला येतो तो औषधी वास अजून रेंगाळत होता. खोकं कपाटात, जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवलेलं. बॅटरी काढलेली. पट्टा शेजारी घडी करून.

मी खोकं हातात घेतलं. गार होतं. सरांच्या डॉक्टरबाईंना मी त्या वेगळ्या संगणकापाशी बसवून आले होते. त्यांना फोन लावला.

"काही येतंय?"

"येतंय की. आत्ता, माझ्यासमोर."

"बाई... खोक्यात बॅटरीच नाही."

पलीकडून खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला.

"ताई, याची वायर वरच्या खोलीत असेल, आणते," म्हणत मुलगी जिन्याकडे पळाली.

"वेग वाढला," डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. "कोणी धावत असल्यासारखा..."

जिन्यावर पावलं वाजत होती. मग ती खाली आली, वायर माझ्यापुढे ठेवून धापा टाकत खुर्चीत बसली.

"आता उतरतोय... उतरला."

मी तिच्याजवळ गेले आणि काही न सांगता तिच्या मनगटावर बोटं टेकवली. फोनमध्ये पुटपुटले, "बाई, ठोका दिसेल तसा नुसता म्हणत राहा."

"टक... टक... टक..."

बोटांखाली तेच. तसंच. मग डॉक्टरबाई मध्येच थांबल्या. बोटांखालीही काही नव्हतं.

"चुकला," त्या म्हणाल्या.

मुलीनं छातीवर हात ठेवला. "हल्ली हे असं होतं मला. पायरी चुकल्यासारखं..." तिनं माझ्याकडे बघितलं. "ताई, बाबांना होतं तेच का हे?"

तिनं स्वतः विचारलं होतं.

अहवाल उघडला, तिचीही तपासणी केली. दोष तोच निघाला. तिच्या छातीत ठोका सांभाळणारं एक छोटं यंत्र बसवलं. आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मी सरांची किल्ली रद्द केली, खोकं फोडून टाकलं. ठोके थांबले. झालं ते सगळं मी मुलीला सांगितलं.

"नवीन पोरगं खोल पाण्यात गेलं की बाबा काठावरून त्याच्या बरोबरीनं चालायचे," ती म्हणाली. "हात लावायचे नाहीत. नुसते बरोबर चालायचे."

तो वेगळा संगणक तेव्हाच बंद करायला हवा होता. नाही केला. बरेच महिने पडदा कोरा होता. मग एका सकाळी ठोके आले. पुसट, नाजूक, फार भरभर. नाव न सांगता मी डॉक्टरबाईंना ते दाखवले. त्या हसल्या. "हे पोटातल्या बाळाचं आहे. कोणाचं गं?"

जिचं होतं तिलाच अजून ठाऊक नव्हतं, तर ते सांगणारी मी कोण? काही दिवसांनी तिचाच फोन आला. आनंदानं तिला धड बोलताही येत नव्हतं. मी जणू पहिल्यांदाच ऐकल्यासारखं अभिनंदन केलं.

परवा ती सोनोग्राफी करून थेट माझ्याकडेच आली. "एकच आहे ताई, पण दांडगं! तिथल्या बाई म्हणाल्या, अगदी नीट आहे सगळं."

मी तिला पाणी दिलं आणि पडदा हळूच भिंतीकडे वळवला.

कारण पडद्यावर दोन ठोके आहेत. पुढे बाळाचा ठोका, भरभर. त्याच्या मागून दुसरा, तितकाच भरभर, जरा अंतर राखून, काठावरून बरोबर चालल्यासारखा. तो कोणाचा, आणि कोणाला विचारून कोणाला सांगायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आज सकाळी बघितलं, तर दोघांमधलं अंतर कमी झालं होतं.