चौथा पास फुकट

"मॅडम, पानी पुरं उपसलं. खाली कोनीच नाई."

फौजदार गीतांजली तायडेने लाटांच्या तलावात डोकावून पाहिलं. निळ्या फरशीवर प्लास्टिकचं एक बदक आणि कुणाची तरी एकुलती चप्पल पडली होती. हर्षा नव्हती. हायसं वाटून घ्यावं की नव्याने घाबरावं, हेच तिला कळेना.

बडनेऱ्याच्या पुढे, अकोला रोडला 'मौजमळा' नावाचं हे पार्क आहे. चारी बाजूंनी उंच भिंत, भिंतीवर काटेरी तार आणि यायला-जायला एकच फाटक. मालकाने तार लावली होती ती फुकटे आत शिरू नयेत म्हणून. आज त्याच तारेमागे सगळे अडकून पडले होते.

दुपारी किसनराव भुयार बोंब मारत ऑफिसात आले होते. अठरा वर्षांची पुतणी हर्षा त्यांच्याबरोबर आली होती, ती सापडत नव्हती. फाटकावरच्या कॅमेऱ्यात ती सकाळी आत येताना दिसत होती. अंगात हिरवा कुर्ता, तोंडाला पिवळा स्कार्फ, डोळ्यांवर पांढऱ्या काड्यांचा गॉगल. मे महिन्यात अमरावतीची पोरगी घराबाहेर पडते ती अशीच, सख्ख्या आईलाही ओळखू येऊ नये अशी. बाहेर जाणाऱ्यांत मात्र तो पिवळा स्कार्फ कुठेच नव्हता.

बाकीचे पाहुणे एकेक चेहरा तपासून सोडून दिले होते. उरली भुयार मंडळी आणि पार्कची माणसं. गीतांजलीने फाटकाला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

"पोरगी सापडल्याबिगर कोनी बाहेर जानार नाई," तिने सांगून टाकलं.

ऑफिसातला कूलर नुसती गरम हवा फेकत होता. किसनराव दुपट्ट्याने मान पुसत बसले होते. त्यांची बायको शालू भिंतीला टेकून रडत होती. मुलगा सागर खिडकीतून फाटकाच्या दिशेने बघत होता.

"हर्षा शेवटची कोठी दिसली?" गीतांजलीने विचारलं.

"कपडे बदलाले गेली ते गेलीच," किसनराव म्हणाले. "भाऊ खुशालराव वारला तवापासून मीच वाढवली तिले, मॅडम. पोरीसारखी."

"भांडन-गिंडन?"

"नाई. बारावी झाली म्हून फिरवाले आनली. तुमी या पार्कवाल्याले पकडा. याच्याच पान्यात काही झालं असन."

"लॉकरमंदी काय हाये तिचं?"

हवालदाराने पिशवी पुढे केली. हिरवा कुर्ता, पिवळा स्कार्फ, मोबाइल आणि जाड काचांचा एक चष्मा. आपले कपडे ठेवून, पार्कचा भाड्याचा पोशाख घालून ती पाण्यात उतरली असावी, असं कुणालाही वाटलं असतं. गीतांजलीलाही वाटलं होतं. म्हणून तर तलाव उपसला.

"मॅडम, आमाले जाऊ द्या ना," सागर मध्येच म्हणाला. "घरी जनावरं तहानलेली हायेत."

"बहीन अथी हरवली अन् तुले जनावरं सुचून राहिली?"

 सागरचे डोळे पुन्हा फाटकाच्या दिशेला गेले.

हवालदाराने सगळ्यांना थंड पाण्याचे ग्लास दिले. किसनरावांनी गटागटा पिऊन दुसरा मागितला. शालूने ग्लास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. तिचे ओठ कोरडे पडले होते.

एवढ्यात फाटकावर स्कूटर थांबली. सागरची होणारी बायको रागिणी बातमी ऐकून अमरावतीहून आली होती. घरची म्हणून गीतांजलीने कुलूप काढून तिला आत घेतलं आणि फाटक पुन्हा लावलं. गॉगल केसांवर चढवून ती पुढे निघाली. ऑफिस लॉकरच्या खोल्यांमागे आडबाजूला आहे. गीतांजलीला स्वतःला ते शोधायला दोनदा विचारावं लागलं होतं. रागिणी सरळ चालत तिथे गेली आणि शालूच्या गळ्यात पडली.

"याच्या आधी आली होती काय कधी अथी?" गीतांजलीने सहज विचारलं.

"छे! नुसतं नाव ऐकून होती," रागिणी म्हणाली.

गीतांजली तिकीट खिडकीकडे गेली. तिथली गजाला सकाळपासून त्याच खुर्चीवर होती आणि आता नोकरी जाते की राहते या धास्तीने नखं खात होती.

"या लोकांनी तिकिटं कशी घेतली, सांग."

"मॅडम, त्या काकांनी माझं डोकं खाल्लं," गजाला म्हणाली. तिच्यामागे वर्षभराच्या पासांचा फलक होता. एकट्याचा पास, जोडीचा पास, सुट्या सोडून चालणारा पास आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत 'तिघांवर चौथा फुकट'. "जोडी अन् एकटा घेतला तर कितीले पडते, सुट्या सोडून घेतला तर कितीले, पूरा हिसाब माझ्याकडून करून घेतला. मागं ही लाइन! मग तिघांचे पास काढले. काका, काकू अन् तो सागर."

"अन् चौथा?"

"तेच तर! मी म्हनलं, काका, चौथा फुकट हाये, या पोरीचा काढा. फक्त फोटोले तिले स्कार्फ सोडाले सांगा. वर्षाच्या पासले चेहऱ्याचा फोटो लागते ना. तर म्हने, नाई, तिचं एक दिवसाचंच तिकीट दे. पैसे देऊन घेतलं, मॅडम. फुकटचं सोडून!"

"ते पोरगी काही बोलली?"

"एक लफ्ज नाई."

गीतांजली फलकाकडे बघत राहिली. फुकट ते पौष्टिक, हा तर अख्ख्या वऱ्हाडाचा धर्म. लाइन थांबवून पैशापैशाचा हिशोब करणारा माणूस फुकटचा पास सोडून तिकिटाला पैसे मोजतो? पुतणीचा राग म्हणावा, तर राग असलेला माणूसही तिच्यावर जास्त खर्च करत नाही.

ती ऑफिसात परतली.

"किसनराव, हर्षाचा फुकटचा पास काहून नाई काढला?"

दुपट्टा मानेवर थांबला. "तिले फोटोची लाज वाटते, मॅडम. लाजरी पोरगी हाये."

फाटकाबाहेर हर्षाची मैत्रीण मिस्बाह मघापासून गज धरून उभी होती. आत यायची परवानगी नाही, आणि घरी जायला पाय उचलत नाहीत. गीतांजली तिच्याकडे गेली.

"हर्षाले फोटोची लाज वाटते काय?"

"हर्षाले?" मिस्बाहला रडता रडता हसू आलं. "माझा मोबाइल भरला तिच्या फोटोंनी."

"अन् गॉगल घालते?"

"गॉगल कशी घालन, मॅडम? तिचा नंबर केवढा हाये! चष्म्याबिगर तिले समोरचा मानूस ओळखू येत नाई. ते स्कार्फवरून पन चष्माच घालते. आमी चिडवतो तिले."

गीतांजलीने गज घट्ट धरला. "घरी काही चालू होतं काय तिच्या?"

मिस्बाहने आवाज खाली आणला. "शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा बगीचा तिच्या बाबांनी तिच्या नावानं ठेवला हाये. काकाले तो विकाचा हाये. अठरा पुरे झाले तवापासून सहीच्या मागं लागून राहिले. ते नाई म्हनते. कालपासून फोन उचलला नाई तिनं. मॅडम, ते जिवंत असन ना?"

गीतांजली ऑफिसाकडे वळली. उन्हं उतरत होती, पण भिंती अजून भाजत होत्या. जिथे कुठे ती पोरगी असेल, तिथेही हीच हवा होती.

तिने सगळ्यांना ऑफिसात बसवलं, गजालालाही बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"आपन सगळे चुकीच्या जागी शोधून राहिलो," ती म्हणाली. "हर्षा या पार्कात हरवली नाई. ते अथी आलीच नाई."

"कॅमेऱ्यात दिसली ना!" किसनराव उसळले.

"कॅमेऱ्यात स्कार्फ दिसला. चेहरा कोनी पाहिला? तुमी तानून तानून हिशोब करनारे. आलोच हाओत, पैसे चाललेच हायेत, तर वर्षाचं स्वस्तात पाडून घेऊ, हा मोह तुमाले आवरला नाई. तिघांचे पास घेतले. पन फुकटच्या चौथ्याले फोटो लागत होता. फोटोले स्कार्फ सोडा लागत होता, अन् स्कार्फमंदी हर्षा नव्हती. म्हून तुमी आयुष्यात पहिल्यांदा फुकटचं सोडलं."

गजालाने तोंडावर हात ठेवला.

"दुसरं, गॉगल. चष्म्याबिगर जिले मानूस ओळखू येत नाई, ते पोरगी गॉगल लावून सरळ चालत आली. तिचा चष्मा पिशवीतून आनला अन् लॉकरमंदी ठेवला, आमाले दिसावा म्हून. स्कार्फ, कुर्ता काढला, आतून दुसरे कपडे होतेच. मग ते पोरगी उघड्या तोंडानं फाटकातून निघून गेली. आमी बाहेर जानारा स्कार्फ शोधत बसलो, अन् बाहेर गेला चेहरा." गीतांजली वळली. "रागिणी, पहिल्यांदाच आली म्हन्तेस. मग ऑफिस कोनाले न विचारता कसं सापडलं? अन् डोक्यावरच्या गॉगलच्या काड्या पांढऱ्या काहून?"

रागिणीचा हात गॉगलकडे गेला आणि तिथेच राहिला. तिने सागरकडे पाहिलं. सागरने मान खाली घातली.

"सगळे अंदाज हायेत," किसनराव म्हणाले. आवाज मात्र बसला होता. "पुरावा हाये काय?"

"पुरावा मंग. आधी हर्षा कोठी हाये?"

 कूलर घरघरत होता.

गीतांजली शालूसमोर खाली बसली. पाण्याचा ग्लास अजून तिथेच होता.

"काकू, दुपारपासून पानी काहून नाई पेल्या?"

शालूने ग्लास दूर सरकवला.

"शालू!" किसनराव गरजले. हवालदाराने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तिच्याजवळ पानी नाई, हो ना?" गीतांजली हळू म्हणाली. "सागरले घाई जनावरांची नाई. मी फाटक लावून तुमाले नाई कोंडलं, काकू. तिलेच आखीन कोंडून ठेवलं. तुमी बोलल्या नाई तर हे कुलूप तिचा जीव घेईन."

"टिनाच्या शेडात!" शालू किंचाळली. "चांदूर रेल्वेले, संत्र्याच्या खोक्यांच्या शेडात! काल रातीपासून. यानं पानी ठेवू नाई देलं व माय. म्हने, तहान लागन तवा सही करन. आमी दुपारीच परत जानार होतो. मी लहानपनी न्हाऊ घातलं तिले..."

गीतांजली तोवर फोनवर चांदूर रेल्वेच्या ठाणेदारांशी बोलत होती. बोलणं संपवून ती खिडकीशी गेली. खिडकीबाहेर उपसलेलं पाणी नालीतून झुळझुळ वाहत होतं. एका घोटासाठी तडफडणारी पोरगी शोधायला अख्खा तलाव रिता केला होता, याची गीतांजलीला लाज वाटली.

"घरून गायब झाली असती तर पहिला संशय तुमच्यावर आला असता," ती किसनरावांना म्हणाली. "म्हून पार्कच्या गळ्यात हे घोंगडं अडकवलं. हे समजलं. पन एक सांगा. सही झाल्यावर तिचं काय करनार होते?"

किसनरावांनी दुपट्टा तोंडावर ओढून घेतला. सागरने बापाकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न त्याला आजवर पडलाच नव्हता. शालूला पडला होता. 

फोन वाजला. गीतांजलीने ऐकलं, डोळे मिटले आणि फाटकाची किल्ली हवालदाराच्या हातात दिली.

"जिवंत हाये. उघडा फाटक. या चौघांले गाडीत घाला."

दिवेलागणीला ती मिस्बाहला घेऊन चांदूर रेल्वेच्या दवाखान्यात पोचली. हर्षाच्या हाताला सलाइन होतं. बुटांचा आवाज ऐकून ती पलंगाच्या कोपऱ्यात सरकली.

"कोन? काका?"

"नाई, मी पोलीस," गीतांजली म्हणाली. "अन् ही तुझी मिस्बाह."

"सही नाई केली मी," हर्षा घाईने म्हणाली. ओठ फुटले होते, शब्द नीट उमटत नव्हते. "त्याईनं किती म्हनलं. नाई केली."

मिस्बाहने तिचा हात धरला आणि ती जी रडायला लागली ती थांबेचना.

गीतांजलीने खिशातून जाड काचांचा चष्मा काढला. तो खरं तर जप्तीत जमा करायचा होता. ठाणेदार ओरडले तर ओरडू देत, म्हणून तिने तो तसाच आणला होता. हर्षाने तो डोळ्यांवर चढवला. मिस्बाहकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, बाहेरचं कडुनिंबाचं झाड बघितलं.

बाहेर गरम वारा सुटला होता. परिचारिका दार लावायला वळली.

"सिस्टर," हर्षा म्हणाली, "दार उघडंच राहू द्या."

गीतांजलीने जवळचं स्टूल ओढलं, दाराला टेकवलं आणि त्यावर स्वतःच बसली.